शेवटच्या ताटातली बोटी

मराठवाड्याच्या हिवाळी जेवणाबद्दल पुरवण्यांतून दरवर्षी बरंच छापून येतं. हुरडा येतो, तीळ लावलेली बाजरीची भाकर येते, भोगीची भाजी येते. हे सगळं मीही करते आणि आवडीनं खाते. पण थंडीच्या दिवसांत आमच्याकडच्या कितीतरी घरांत जे भगुणं चुलीवर सगळ्यात जास्त वेळ असतं, त्याचं नाव या पुरवण्यांत मी अजून वाचलेलं नाही. ते बड्याच्या मटणाचं भगुणं. नळीसकट म्हशीचं मांस, हरभऱ्याची डाळ, दुधी, नाहीतर वांगी, आणि खाली धीमा जाळ. मराठी हिवाळ्याच्या ताटात त्याला उघड जागा मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माझं माहेर नरसी नामदेव. कयाधूकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात असल्यानं पंजाबातून शीख भाविकही इथं येतात, आणि आषाढीनंतरच्या परतवारीला गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. एकादशीला आमच्या बौद्ध वस्तीतही कुणी मटण शिजवत नसे. ते कुणाला सांगावं लागलं नाही. माळकऱ्यांच्या श्रद्धेचा मान आम्ही असा आपसूक राखत आलो, म्हणून आमच्या चुलीबद्दल बोलताना मला संकोच वाटत नाही.

हा स्वयंपाक नीट समजून घेण्यासारखा आहे. दूध आटलेली म्हैस किंवा ओढकामानं थकलेला रेडा बाजारात येतो. त्याच्या पायाच्या आणि मानेच्या मांसात चिवट पांढरा भाग जास्त असतो. शास्त्रात त्याला कोलॅजन म्हणतात. मोठ्या जाळावर खळखळा उकळलं की मांसाचे धागे आखडतात आणि कोरडे पडतात. पाणी नुसतं थरथरत राहील एवढ्याच आचेवर दोन-तीन तास ठेवलं, की तोच चिवट भाग विरघळून त्याचं जिलेटिन होतं, रस्सा दाटतो, जेवताना बोटं एकमेकांना चिकटतात. माझ्या मायला हे शब्द ठाऊक नव्हते, काम पुरतं ठाऊक होतं. "जाळ मारू नगं बाई, इंगळावर राहू दे," एवढंच ती म्हणायची.

आधी आळणी करायची. धुतलेलं मांस, मीठ, ठेचलेलं आलं-लसूण, थोडा कांदा आणि हळद. हळद आमच्याच जिल्ह्याची. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. भगुण्यावर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी. आतली वाफ त्या ताटाला लागून पुन्हा रस्स्यात पडते, वरचं पाणी तापत राहतं, आणि रस्सा आटला तर तेच ओतायचं. गार पाणी कधीच नाही. चूल पेटवायला तुराट्या आणि पऱ्हाट्या, कारण त्या लगेच धरतात. निखारा टिकायला मात्र बाभळीचं लाकूड लागतं. उकळी आली की भगुणं वैलावर सरकवायचं. पुढच्या तोंडावर भाकरी होतात आणि मागं मांस शिजत राहतं, म्हणजे वेगळं जळण लागत नाही.

मांस बोटानं दबलं की शिजवून घोटलेली हरभऱ्याची डाळ त्यात जाते, मग दुधीच्या मोठ्या फोडी. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी, कारण आंबट आधी पडलं की भाजी शिजायला अडून बसते. डाळ नसेल त्या दिवशी वांगी आणि येसर. भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले दळून केलेला येसर रस्स्याला चांगलं अंग देतो. आता माझ्याकडेही कुकर आहे आणि आळणी त्यात केली तर काही बिघडत नाही. बंद वाफेत चिवटपणा लवकर सुटतो. भाजी मात्र झाकण काढल्यावरच घालावी.

डाळ-दुधीच्या या कालवणाला आम्ही डालचा म्हणतो. तो हैदराबादकडचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. जुन्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान खलिया ज्या दख्खनी मुसलमानी स्वयंपाकातला, त्यातलाच हा. आमच्या घरी तो शेजारच्या चाचीकडून आला. तिनं मायला चिंचेचं प्रमाण शिकवलं, मायनं तिला येसर करून दिला.

भाजी आणि डाळ घालण्यामागं चवीपेक्षा मोठं कारण होतं. खाणारी तोंडं जास्त आणि मांस थोडं. नळी पुरुषांना, नाहीतर पाहुण्याला जायची. मग पोरं जेवायची. शेवटी बसणाऱ्या बाईसाठी बोटी क्वचितच उरायची. दुधी, डाळ आणि तळाचा रस्सा उरायचा. पण तीन तासांत मांसाची चव आणि स्निग्धपणा त्या रस्स्यात उतरलेला असायचा, म्हणून तिचं ताट अगदीच कोरडं राहत नसे. हा स्वयंपाक बायकांनी शेवटच्या ताटाचा विचार करून रचलेला आहे. त्याचं मोल मला यासाठी वाटतं.

तेवढ्यावर समाधान मानायला मात्र मी तयार नाही. चव रस्स्यात उतरते, लोह बरंचसं बोटीतच राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. मांसातलं लोह शरीर सहज घेतं, आणि त्याच जेवणातल्या डाळ-भाजीतलं लोहही त्यामुळं जास्त शोषलं जातं. बड्याचं मटण बोकडाच्या मटणापेक्षा खूपच स्वस्त. ज्या घरांत ते चालतं, तिथं बाईच्या ताटात बोटी आधी पडली पाहिजे. गोळ्या वाटणाऱ्यांनी आणि आहारावर भाषणं देणाऱ्यांनी हे स्पष्ट बोलावं.

पण बोलायला माणसं कचरतात. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेलं मांस बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली. म्हैस या बंदीत नाही. तिच्या कत्तलीला दाखला लागतो. कायदा असा असूनही म्हशीचं मांस नेणारा माणूस पिशवी झाकून चालतो. जे कायद्यानं चालतं, ते खाणाऱ्याला भीती वाटू नये, ही जबाबदारी शासनाची आहे.

आमच्याच माणसांतही एक अडखळ आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं. त्या शब्दाचा मला अभिमान आहे. पण गावकीच्या लाचारीतून वाट्याला येणारं मेलेलं मांस वेगळं, आणि स्वतःच्या कमाईनं दुकानातून आणलेलं ताजं मांस वेगळं. पहिलं सोडण्यात आमचा स्वाभिमान होता. दुसरं लपवण्यात कसला स्वाभिमान?

नामदेवांनी मंगळवेढ्याला कोसळलेल्या कुसाखालून चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरपुरी आणल्या, असं परंपरा सांगते. चोखोबांच्या घरी काय शिजत होतं, याची चौकशी त्यांनी आधी केली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या गावची लेक म्हणून मी हे हक्कानं लिहिते.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण त्यांनी नावानिशी, कृतीनिशी मांडलं. पुढं २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. एका पुस्तकानं हे काम संपत नाही. प्रत्येक तालुक्याचा येसर निराळा, आणि चिंच कधी पडते, अंबाडी कधी पडते हेही घरोघरी बदलतं. हे जाणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

या डिसेंबरात त्यांच्याजवळ बसा. किती मांसाला किती डाळ, कोणतं लाकूड, किती वेळ, सगळं विचारून वहीत उतरवा आणि खाली त्यांचं नाव घाला. संपादकांना माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या हिवाळी पुरवणीत भोगीच्या भाजीशेजारी बड्याचा डालचाही छापा.