पथिकाश्रमाचा वारस

पिढीजात धंदा मुलानें चालविलाच पाहिजे काय, आणि त्यानें तो न चालविल्यास घराण्याचा लौकिक बुडतो काय, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा आहे. शेतकऱ्याचा मुलगा कारकुनीकडे वळतो, सुताराची मुलगी डॉक्टर होऊं इच्छिते, आणि वडील मंडळी खिन्न होतात. या प्रश्नाचें एक उत्तर जपानांतील एका डोंगरी पथिकाश्रमाच्या इतिहासांत आढळतें. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

जपानच्या यामानाशी प्रांतांत हायाकावा नांवाचें नगर आहे. तें नगर नांवापुरतेंच. त्या देशांतील अगदीं थोड्या वस्तीच्या नगरांत त्याची गणना होते. तेथें आकाइशी पर्वताच्या उंच रांगांमध्यें, नदीच्या कांठीं, निशियामा येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांजवळ केइउनकान हें अतिथिगृह उभें आहे. इ. स. ७०५ मध्यें फुजिवारा माहितो यानें तें स्थापिलें, अशी परंपरा आहे. त्या वेळीं चालू असलेल्या केइउन शकावरून त्याचें नांव पडलें. हा काळ किती जुना, हें आपल्याकडील दोन गोष्टींवरून ध्यानांत येईल. तेव्हां वेरूळचें कैलास लेणें कोरण्यास आरंभ झाला नव्हता, आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास अजून ५८५ वर्षें अवकाश होता. ताकेदा शिंगेन व तोकुगावा इएयासु हे इतिहासप्रसिद्ध सेनानी येथें स्नानास येत, असें सांगतात. २०११ सालीं जगांतील सर्वांत जुनें अतिथिगृह म्हणून गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली.

इतकीं शतकें टिकलें तें काय? इमारत खास नव्हे. इमारती जुन्या होतात व नव्या होतात, आणि या गृहाचेंही १९९७ सालीं नूतनीकरण झालें. टिकली ती पाहुण्याच्या सेवेची रीत. अशा जपानी अतिथिगृहांत पाहुणा दाराशीं पादत्राणें काढून आंत येतो. चटयांनीं आच्छादिलेल्या खोलींत त्याच्यापुढें चहा येतो, आणि अंगावर घेण्यास युकाता नांवाचा सुती झगा मिळतो. ऊन पाण्याच्या कुंडांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावें, असा दंडक आहे. कारण कुंडाचें पाणी सर्वांचें. म्हणजे कर्तव्य केवळ यजमानालाच नाहीं, तें पाहुण्यालाही आहे. त्या त्या ऋतूंतील पदार्थ लहान लहान पात्रांतून वाढले जातात, आणि रात्रीं सेविका अंथरूण घालून देते. निघण्याच्या वेळीं यजमान मंडळी दारांत येऊन लवून निरोप देतात.

कोणी म्हणेल, हें सर्व पैसे घेऊनच ना? होय, पैसे घेऊनच. परंतु पैशानें खोली मिळते, अंथरूण मिळतें. तें अंथरूण किती आस्थेनें घालावें, हें घालणाऱ्याच्या मनावर असतें. पगार घेणारा शिक्षक व पगार घेणारी परिचारिका यांच्या कामास जी कसोटी आपण लावतों, तीच येथेंही लावावी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एकाच घराण्याच्या ५२ पिढ्यांनीं हें गृह चालविलें असें सांगतात. पण त्या मालिकेंत दत्तक वारसही आहेत. जपानांतील व्यापारी घराण्यांत कर्तबगार जांवयास दत्तक घेऊन त्याला आडनांव व कारभार देण्याची चाल फार जुनी आहे. पुढें घरांतील कोणीही हा भार उचलण्यास सिद्ध नसल्यामुळें, २०१७ सालीं तेथेंच अनेक वर्षें चाकरी केलेल्या एका गृहस्थाकडे मुख्य अधिकार सोंपविण्यांत आला. रक्ताचें नातें नव्हतें, कामाचें होतें. दारें बंद झालीं नाहींत. पाहुणे पूर्वीप्रमाणेंच येत राहिले.

कित्येकांस यांत घराण्याचा शेवट दिसेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. घराण्याचा हट्ट धरून गृह बंद पडूं दिलें असतें, तर पूर्वजांचे श्रम खरोखरीच वायां गेले असते. ज्यानें पाहुण्यांची सेवा शिकून घेतली, त्याच्या हातीं किल्ल्या देणें हाच पूर्वजांचा खरा मान होय.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलाचा ओढा दुसरीकडे असेल तर त्यास कुलबुडव्या म्हणूं नये. आणि आपल्या हाताखालीं इमानानें राबणारा गडी परका म्हणून त्यास धंद्याचें मर्म शिकविण्यांत हात आंखडूं नये. विद्यार्थ्यांनींही एवढें लक्षांत ठेवावें कीं, बापाचा धंदा न पत्करण्याची मोकळीक त्यांस आहे, पण त्यास हलका लेखण्याची नाहीं. अंथरूण घालणें, भांडीं घांसणें, दारांत उभें राहून पाहुण्यास नमस्कार करणें, अशा कामांवरच तें गृह तेराशें वर्षें चाललें आहे.