पैसे घेऊन सांभाळलेली मुलगी

एका मुलीच्या हाती घरातला एक कागद लागतो. तिला सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी सरकारकडून पैसे मिळतात, असं त्यात लिहिलेलं असतं. ती कुणाला काही बोलत नाही. कागद जिथल्या तिथे ठेवते आणि त्या दिवसापासून तिचा चेहरा कोरा होतो.

ही अ‍ॅना. जोन जी. रॉबिन्सन यांच्या ‘व्हेन मार्नी वॉज देअर’ या १९६७ सालच्या इंग्रजी कादंबरीची नायिका. ती लंडनमध्ये प्रेस्टन पतिपत्नींकडे राहते, पण त्यांनी तिला दत्तक घेतलेलं नाही. याला फॉस्टर केअर म्हणतात. दम्याचा त्रास आणि सततची उदासी पाहून तिला नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या एका गावी पाठवतात. तिथे खाडीकाठी एक जुना वाडा आहे आणि त्यात मार्नी नावाची सोनेरी केसांची मुलगी. मार्नी खरी की अ‍ॅनाच्या मनातली, हे मी इथे सांगणार नाही. तुमची मजा जाईल.

जपानच्या स्टुडिओ जिबलीने २०१४ मध्ये यावर चित्रपट केला. दिग्दर्शक हिरोमासा योनेबायाशी. त्यांनी गोष्ट नॉरफोकमधून उचलून होक्काइदोच्या किनाऱ्यावर नेली. अ‍ॅना आता सापोरोची बारा वर्षांची जपानी मुलगी आहे आणि प्रेस्टनबाईंच्या जागी योरिको आहे. भरतीच्या पाण्याने वेढलेला तो वाडा पडद्यावर इतका सुंदर दिसतो की घरातली लहान मुलंही हलत नाहीत. चित्रपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

गंमत म्हणजे देश बदलला, काळ बदलला, तरी तो कागद बदलावा लागला नाही. तो जपानमध्येही तसाच खरा वाटतो.

आणि आपल्याकडेही. आपल्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअरची सोय आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलामागे महिन्याला ४००० रुपयांची मदत ठरवलेली आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. हे पैसे मुलाच्या दूध-वह्या-औषधांसाठी असतात. पण शेजारीपाजारी काय बोलतात ते ठाऊक आहे ना? ‘पैसे मिळतात म्हणून ठेवलंय.’ हे वाक्य मोठ्यांसाठी असतं, पण ऐकतं ते मूल.

अ‍ॅनाला पैशांपेक्षा लपवाछपवी जास्त लागते. कादंबरीत ती प्रेस्टनबाईंना खरं सांगण्याची संधी पुन्हा पुन्हा देते. माझा खर्च फार होतो का, असं आडून विचारते. बाई विषय टाळतात. वाईट म्हणून नव्हे, मुलीला दुखवायचं नाही म्हणून! मार्नीबरोबर अळंबी गोळा करताना अ‍ॅना प्रथमच हे मोकळेपणी बोलते. तो प्रसंग चित्रपटातही आहे.

चित्रपटात शेवटी योरिको स्वतःहून पैशांची गोष्ट काढते. पैसे मिळोत, न मिळोत, माझी माया तीच, असं सांगते. आतापर्यंत तिला ‘मावशी’ म्हणणारी अ‍ॅना थोड्या वेळाने एका ओळखीच्या बाईंना तिची ओळख ‘ही माझी आई’ अशी करून देते. पार्श्वसंगीताचा गाजावाजा नाही, मिठ्या नाहीत. माझ्या मते चित्रपटातली ही सर्वांत चांगली जागा.

पण एका बाबतीत कादंबरी फार पुढे आहे. मार्नी निघून गेल्यावर तिथे जवळपास अर्धं पुस्तक उरतं. वाड्यात लिंडसे नावाचं पाच मुलांचं गोंगाटाचं कुटुंब राहायला येतं आणि अ‍ॅना त्यांच्यात हळूहळू मिसळते. रुसते, पळते, परत येते. चित्रपटात या सगळ्यांच्या वाट्याचं काम प्रामुख्याने सायाका या एका चश्मेवाल्या मुलीवर आलं आहे. ती गोड आहे, पण परक्या घरात रुळायला लागणारा वेळ पावणेदोन तासांत मावत नाही. त्यामुळे चित्रपटात रहस्य अ‍ॅनाला बरं करतं, कादंबरीत माणसं.

साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांबरोबर आधी चित्रपट पाहा, मग कादंबरी घ्या. रहस्य आधीच कळलं तरी पुस्तक फिकं पडत नाही, कारण त्यात ते सोडून पुष्कळ आहे. तिथल्या वंटरमेनी नावाच्या अबोल नावाड्याकडे लक्ष ठेवा. अ‍ॅनाला तो आवडतो, कारण तो काही विचारत नाही. तो आईचं अकरावं मूल होता. ‘वन टू मेनी’, म्हणजे एक जास्तच झालं, असं ती म्हणाली आणि तेच त्याचं नाव पडलं. गाव त्याला म्हातारपणीही त्याच नावाने हाक मारतं.