"पाणी गेलंय" म्हटलं की विषय संपतो काय?

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय. थोड्या दिवसांत राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या फोनवर फिरू लागेल. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. सामान कधी माळ्यावर टाकायचं, जनावरं कधी हलवायची, हे आपण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिकलो. पण पाणी ओसरल्यावर दारात चिखलानं भरून उभ्या राहिलेल्या गाड्या, रिक्षा, टेम्पो, मोपेड यांचं पुढं काय होतं, यावर कुणी बोलत नाही. आज त्यावरच लिहितोय. लांब आहे, पण वाचा. पैशाचा विषय आहे.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं. "सर, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही." गाडी जुनी असेल तर तेवढंही नाही, "वॉरंटी संपलीय" एवढ्यावर काम भागतं. आणि आपण मान खाली घालतो, जणू बादली घेऊन आपणच पाणी ओतलं. मग एस्टिमेट येतं, आकडा बघून घाम फुटतो, आणि दोन दिवसांत सही करून आपण मोकळे होतो, कारण गाडीशिवाय धंदा अडतो.

माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. पाणी कुठून गेलं? कधी गेलं? कुठवर चढलं? नेमका कुठला पार्ट त्या पाण्यानं गेला? यातल्या एकाचंही उत्तर त्या वाक्यात नसतं. डॉक्टरनं नुसतं "आजार आहे" म्हणून ऑपरेशनचं बिल हातात दिलं तर आपण देऊ का?

पाणी तीन तऱ्हेचं असतं, आणि तिन्हींचा हिशेब वेगळा आहे.

पहिलं, पावसाचं गळतीचं पाणी. गाडी पुरात नव्हती, डबक्यात नव्हती. नुसती पावसात उभी होती आणि पायाखालचं कार्पेट भिजलं. याची कारणं ठरलेली आहेत. वायपरच्या खालच्या जाळीत पाला अडकतो आणि पाणी आत वळतं. सनरूफच्या चार कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबतात. दाराचं रबर बीडिंग फाटतं. एसीचा ड्रेन पाइप चोंदतो. यातली पाला काढायची, नळी साफ करायची कामं शे-पाचशेत होणारी आहेत. पण वेळेत कुणी बघितलं नाही तर तेच पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये आठवडाभर बसतं, तिथनं जाणारे वायरिंगचे जोड हिरवे पडतात, आणि मग "वायरिंग हार्नेस बदलावा लागेल" असं एस्टिमेट येतं. आता सांगा, ज्या गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग त्याच सेंटरला झाली, तिथं त्या नळ्या कुणी तपासायच्या होत्या? आणि दाराचा जोड पहिल्या पावसापासूनच गळत असेल तर ते पुराचं पाणी नव्हे, तो बनावटीतला दोष आहे. पहिल्याच पावसाळ्यात लेखी तक्रार नोंदवलेली असेल, तर वॉरंटी संपली म्हणून ती तक्रार पुसली जात नाही.

दुसरं, साठलेल्या पाण्यातून गाडी घातल्यावर इंजिनात जाणारं पाणी. इंजिन हवा ओढतं त्याच वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला धडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, वाकलेला रॉड तो हातात घेऊन दाखवेल. इथं चालवणाऱ्याची जबाबदारी आहेच. समोर गुडघाभर पाणी दिसत असताना गाडी घालायची आणि नंतर कंपनीनं फुकट इंजिन द्यावं म्हणायचं, हे मला मान्य नाही.

तिसरं, पुराचं पाणी. गाडी उभी होती, पाणी चढत आलं, गाडी बुडाली. चालवणाऱ्याची काही चूक नाही. आपल्याकडं हेच जास्त झालं. रात्रीत शाहूपुरीत, दुधाळीत, नागाळा पार्कात पाणी शिरलं, २०१९ ला तर पुणे-बेंगळुरू महामार्गच काही दिवस बंद होता. माणसं बोटीतनं बाहेर काढली जात होती तिथं गाडी कुठं नेणार होता?

आता विम्याकडं या. पोटतिडकीनं सांगतोय, नीट ऐका. कायद्यानं सक्तीचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे. त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही. दुचाकी आणि रिक्षावाल्यांतले कितीतरी लोक एवढाच विमा काढतात, कारण पासिंगला आणि पोलिसाला तेवढाच दाखवायचा असतो. ज्यांच्याकडं ओन डॅमेज म्हणजे पूर्ण विमा आहे, त्यांच्या पॉलिसीत पूर आणि महापुराचं नुकसान मूळ जोखमीतच धरलेलं असतं. त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही.

मेख पुढं आहे. पाणी ओसरलं, तुम्ही काळजीनं चावी फिरवली, आतल्या पाण्यामुळं इंजिन मोडलं, की विमा कंपनी म्हणते हे पुराचं नुकसान नाही, त्याचा परिणाम म्हणून झालेलं नुकसान आहे. आणि परिणामी नुकसान पॉलिसीत वगळलेलं असतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर लागतं. हे कव्हर विकताना कुणी समजावत नाही. नाकारताना मात्र कलम तोंडपाठ असतं. म्हणून पहिला नियम: बुडालेली गाडी चालू करून बघायची नाही. चावी नाही, धक्का नाही, काही नाही. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि गाडी उचलूनच न्या.

क्लेम मंजूर झाला तरी सगळे पैसे मिळतात असं समजू नका. झीज वजा होते. रबर, प्लास्टिक, बॅटरी यावर सरळ ५० टक्के कपात. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के, १० वर्षांवरच्या गाडीला ५० टक्के. समजा ७ वर्षांच्या छोट्या गाडीला १ लाखाचे पार्ट लागले, त्यात ६० हजार धातूचे आणि ४० हजार प्लास्टिक-रबर-बॅटरीचे. विम्यातनं ३६ आणि २० असे ५६ हजार येतात. त्यातनं सक्तीची १ हजाराची वजावट गेली की हातात ५५. उरलेले ४५ हजार तुमच्या खिशातनं. झिरो डेप असेल तर ही कपात टळते, पण जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही. म्हणजे ज्याची गाडी जुनी, ज्याची ऐपत कमी, त्याच्यावरच बोजा जास्त.

आणि दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. म्हणून एस्टिमेटमधली प्रत्येक ओळ महत्त्वाची आहे. पुसून, वाळवून, जोड साफ करून चालणारा पार्ट "रिप्लेस" लिहिला की आकडा फुगतो. टोटल लॉसची गाडी भंगाराच्या भावात उचलली जाते. तिथनं पुढं कुणी तिला धुऊन, पॉलिश मारून, पूर न बघितलेल्या गावात विकली, तर घेणाऱ्याला कळणार कसं? आरसी बुकावर पुराचा शिक्का नसतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही एक सांगतो. "बॅटरी वॉटरप्रूफ आहे, आयपी ६७ आहे," असं शोरूममध्ये छातीठोक सांगतात. त्या ६७ मधल्या ७ चा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल एवढाच आहे. पंचगंगेचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही, दिवसच्या दिवस बसून राहतं. पावसात भिजणं आणि पुरात बुडून राहणं यात फरक आहे. बॅटरीच्या वॉरंटीत पूर वगळलाय का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा.

कंपन्यांची बाजूही बघू. ते म्हणतात, पाण्यात गेलेल्या गाडीची हमी आम्ही कशी घेणार? आज दुरुस्त केली, सहा महिन्यांनी दुसरा जोड गंजला तर? मुद्दा खरा आहे. पाणी हळूहळू खातं. पण मग पार्ट कुठला बदलायचा आणि कुठला साफ करायचा, हे गिऱ्हाईकासमोर ठरवा. जुना पार्ट परत द्या. बाहेरच्या मिस्त्रीला तोच अस्सल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती मिळू द्या. इथं मात्र गाडी अडते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला न देणं, आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी तोडण्याची भीती घालणं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल छान आहे. पण ज्या गावात शेतीपंपाच्या इंजिनापासून ट्रकच्या क्रँकपर्यंत सगळं मशिनिंग होतं, त्या गावात स्कॅनरचं सॉफ्टवेअर कुलपात आहे म्हणून मिस्त्री हात बांधून बसतो, त्याचं काय?

आता सरकार आणि महापालिकेकडं. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा. कागदावर असं आहे. आपण दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितले. तरी या पट्ट्यात तळघरातलं पार्किंग दाखवून फ्लॅट विकले जात असतील, तर बुडालेल्या गाडीचा दोष एकट्या गाडीवाल्याचा कसा?

रडगाणं पुरे. मागण्या स्पष्ट लिहितो.

१. "पाणी गेलंय" म्हणून वॉरंटी किंवा क्लेम नाकारायचा असेल, तर कुठला पार्ट, कुठल्या पाण्यानं, कुठल्या कलमानं, हे सहीशिक्क्यानिशी लेखी द्यायचं.

२. एस्टिमेटमध्ये "साफ करणे", "दुरुस्त करणे" आणि "बदलणे" असे तीन वेगळे रकाने हवेत. बदललेले पार्ट मालकाच्या ताब्यात, किंवा विमा कंपनीनं घेतले तर तशी पावती.

३. पुरात टोटल लॉस झालेल्या गाडीची नोंद वाहनाच्या सरकारी रेकॉर्डवर, कुणालाही बघता येईल अशी.

४. पुराच्या पंचनाम्यात प्रवासी रिक्षा आणि मालवाहू टेम्पो यांची पोटाचं साधन म्हणून वेगळी नोंद.

५. पातळी इशाऱ्याला पोचली की महापालिकेनं गाड्या लावायला उंचावरची मैदानं खुली करायची आणि ती यादी जूनच्या आधी जाहीर करायची. माणसांसाठी शाळा ठरतात, तसंच हे.

हे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते वापरा. २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. तारखा लिहून ठेवा. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. विमा कंपनीनं लेखी तक्रारीला महिनाभर दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही. डीलर किंवा कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला १९१५ या हेल्पलाइनला फोन केला तरी चालतो. फक्त तोंडी भांडू नका. काउंटरवरचं तोंडी भांडण संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. ईमेल राहतो.

आणि रिक्षावाले मामा, टेम्पोवाले दादा, तुम्हाला हात जोडून सांगतो. या महिन्यात पॉलिसीचा कागद काढा आणि बघा, थर्ड पार्टी आहे की पूर्ण. कळत नसेल तर पोरीला, पोराला वाचायला लावा.

ज्यांच्या गाड्या २०१९ किंवा २०२१ ला बुडाल्या, त्यांनी खाली लिहा: क्लेम किती मागितला, किती मिळाला, कुठलं कारण देऊन कापला. कंपनीचं नाव नको, आकडे आणि कारण पुरे. जेवढे जमतील तेवढे घेऊन जून उजाडायच्या आत मागण्यांचं निवेदन जिल्हाधिकारी आणि आरटीओंना द्यायचंय. बरोबर कोण कोण येणार, तेही सांगा.