दुतर्फा स्विच आणि बंद डबी

विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले की टेबलांवर काळ्या सीलबंद डब्या मांडलेल्या दिसतात. त्यांवर ‘सॉलिड स्टेट रिले’ असे छापलेले असते. चार तारा जोडल्या की दिवा लागतो आणि प्रेक्षक माना डोलावतात. डबीच्या पोटात काय आहे, असे कोणी विचारले की मात्र उत्तर देणाऱ्याची त्रेधा उडते. आमचे मत असे की, हा स्विच विद्यार्थ्यांनी सुट्या भागांतून स्वतः रचावा. ज्यांना हा हट्ट धोक्याचा वाटतो, त्यांचे म्हणणे आम्हांस निम्मे मान्य आहे.

मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर एका दिशेचा प्रवाह चोख अडवितो. परंतु त्याच्या घडणीतच एक डायोड दडलेला असतो, आणि उलट दिशेने प्रवाह आला की तो वाट मोकळी करून देतो. घरातील वीज तर सेकंदाला ५० वेळा पुढेमागे हेलकावते. तेव्हा एकटा मॉस्फेट म्हणजे एकाच बाजूने अडणारे दार! म्हणून दोन मॉस्फेट पाठीला पाठ लावून जोडावयाचे. दोघांचे सोर्स एकत्र, दोघांची गेट एकत्र, आणि दोन ड्रेन ही स्विचची दोन टोके. एकाचा डायोड फितूर झाला तरी दुसरा पहाऱ्यावर असतो. मोबाईलच्या बॅटरीच्या संरक्षक मंडलातही बहुधा अशीच जोडी असते. कारण तेथेही प्रवाह येतो आणि जातो.

२३० व्होल्ट हा आकडा फसवा आहे. लाटेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टांवर असते, आणि पंख्याच्या मोटारीसारखे वेटोळे एकाएकी तोडले तर दाब त्याहूनही उसळतो. प्रत्येक मॉस्फेटला हा भार आळीपाळीने एकट्याने सोसावा लागतो. म्हणून तो ६०० व्होल्टांचा घ्यावा आणि स्विचच्या दोन टोकांत व्हॅरिस्टर बसवावा.

पण खरी मेख गेटमध्ये आहे. गेटला सोर्सच्या तुलनेने दहा-बारा व्होल्ट हवे असतात, आणि बहुतेक मॉस्फेटांचे गेट २० व्होल्टांपलीकडे टिकत नाही. आता सोर्सचा तो सांधा स्वतःच मेन्सच्या लाटेवर वरखाली होत असतो. त्याला आज्ञा द्यावयाची ती कोठून? बंद डबीत अनेकदा एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश समोरच्या प्रकाश-डायोडांच्या माळेवर पडून काही व्होल्ट निर्माण होतात. मधे तार नाहीच. प्रवाह अगदी क्षीण असला तरी चालतो, कारण गेटला तो सतत लागत नाही. मात्र दिवा विझल्यावर गेटवरील भार उतरण्यासाठी गेट व सोर्स यांमध्ये मोठा रोध ठेवावा लागतो. शेजारी रक्षणासाठी झेनर डायोड. आमच्या मते हे तारेवाचून आज्ञा देणेच या रचनेचे मर्म आहे, आणि डबी विकत घेणाऱ्याला नेमके तेच कधी भेटत नाही.

‘त्यापेक्षा ट्रायॅक काय वाईट?’ असे कोणी विचारील. हिशेब करून पाहावा. प्रत्येकी ०.२ ओहमचे दोन मॉस्फेट २ अँपिअर वाहताना १.६ वॉट उष्णता काढतात. ट्रायॅकवर सुमारे १ व्होल्ट पडतो, म्हणजे २ वॉट. ५ अँपिअरला मात्र मॉस्फेट १० वॉट तापतात व ट्रायॅक ५ वॉट. येथे ट्रायॅकच सरस! परंतु प्रवाह शून्यावर आल्यावाचून तो बंद होत नाही, म्हणून सौर पॅनेलांच्या डीसीपुढे तो हतबल होतो. साध्या रिलेचीही तीच गत: एसीच्या २५० व्होल्टांना पुरणारे संपर्क डीसीत पुष्कळदा ३० व्होल्टांपुरतेच मानलेले असतात, कारण ठिणगी विझत नाही.

आता धोक्याविषयी. मुलांनी मेन्सला हात लावू नये, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. ही माघार नव्हे. बारा व्होल्टांच्या तयार बंदिस्त ट्रान्सफॉर्मरवर, बारा व्होल्टांच्या बल्बासह, हीच जोडणी तंतोतंत चालते. गेट-सोर्समध्ये सुटी ९ व्होल्टांची बॅटरी व छोटे बटण लावावे. आधी एकच मॉस्फेट जोडावा: बटण न दाबताही बल्ब मंद पेटलेला दिसेल. दुसरा उलटा जोडताच तो विझेल. मग शिक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: येथे मेन्स असती, तर बटणावरील बोट किती व्होल्टांपाशी असते?