वीस टक्के इथेनॉल आणि सहा सिलिंडरची जुनी गाडी

नांदेडहून भोकरमार्गे तेलंगणात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ भैंसा ओलांडून निर्मलकडे जातो. या रस्त्यावरच्या दिलावरपूर येथे नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस गावकऱ्यांनी ठाण मांडले आणि वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. गावाजवळ उभ्या राहत असलेल्या इथेनॉल कारखान्याला त्यांचा विरोध होता. भूजल, शेतजमीन आणि प्रदूषण ही त्यामागची कारणे होती. अखेर प्रशासनाला कारखान्याचे काम थांबविण्याची घोषणा करावी लागली. पुढे आठ-नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाला याच इथेनॉलबाबत दुसऱ्या टोकाकडून आलेल्या तक्रारींवर खुलासा करावा लागला. ही तक्रार वाहनधारकांची होती. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, म्हणजे ई-२० मुळे, जुन्या गाड्या लिटरमागे पूर्वीइतके अंतर कापत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

गोव्यातील पंपांवरही आज हेच पेट्रोल मिळते. त्याचा भार कोणावर किती पडतो, हे पाहायचे तर जुनी सहा सिलिंडरची गाडी हे सर्वांत बोलके उदाहरण ठरते. होंडाची अ‍ॅकॉर्ड व्ही-सिक्स, निसानची टियाना, स्कोडाची व्ही-सिक्स सुपर्ब, बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या सेदान या गाड्या एकेकाळी श्रीमंतीचे लक्षण होत्या. आज जुन्या बाजारात त्यांतील अनेक गाड्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतात. त्यामुळे त्यांचा आजचा मालक श्रीमंत असेलच असे नाही. गाडी स्वस्तात हाती येते, पण तिची तहान मात्र मूळच्या किमतीला साजेशीच राहते. शहरी रस्त्यांवर लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ, अशी ही जात.

ही तहान सिलिंडरांच्या संख्येतून थेट येत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरचा वेग टिकवायला मध्यम आकाराच्या सेदानला पंधराएक अश्वशक्ती पुरते. इंजिनाची क्षमता मात्र दोनशेच्या आसपास असते. म्हणजे एरवीच्या प्रवासात इंजिन जवळजवळ रिकामेच फिरते. थ्रॉटलची झडप बहुतांशी मिटलेली असते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंधनाचा एक वाटा खर्ची पडतो. शिवाय सहा दट्ट्यांचे घर्षण सांभाळावे लागते. होंडाने नंतरच्या साडेतीन लिटरच्या अ‍ॅकॉर्डमध्ये भार कमी असताना काही सिलिंडर आपोआप विसावतील अशी योजना केली, ती याच कारणाने.

अशा गाडीत आता ई-२० पडते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, हा साधा हिशेब आहे. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आराखड्यात हेच म्हटले होते. बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा तिचा अंदाज होता. मंत्रालयाने ऑगस्टच्या खुलाशात ई-१० साठी घडविलेल्या व ई-२० ला जुळविलेल्या चारचाकींसाठी एक ते दोन टक्के आणि इतरांसाठी तीन ते सहा टक्के घट सांगितली. या दोन आकड्यांवरून बराच वाद झाला. पण तुलना कशाशी करायची, यावर बरेच काही अवलंबून आहे. देशात सरासरी दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्येच गाठला गेला होता. म्हणजे गोव्यातील मालकाला अलीकडे जाणवलेला फरक ई-१० ते ई-२० असा, साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा असायला हवा. मायलेज वीस टक्क्यांनी कोसळल्याचे जे सांगतात, त्यांनी इथेनॉलला दोष देण्यापूर्वी गाडी एकदा मेकॅनिककडे न्यावी हे बरे.

रुपयांत मांडायचे तर असे. लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावली तर तिला १,२५० लिटर पेट्रोल लागते. साडेतीन टक्क्यांची घट म्हणजे आणखी सुमारे ४५ लिटर. २०२५ मध्ये गोव्यात पेट्रोल लिटरला ९६-९७ रुपयांच्या घरात होते. त्या दराने हा वाढीव खर्च चार हजार तीनशेच्या आसपास जातो. तेलंगणात दर १०७ रुपयांच्या वर असल्याने भैंशाच्या मालकाला तीच घट पाच हजारांच्या जवळ नेऊन सोडते. लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या छोट्या गाडीचे नुकसान याच्या निम्म्याहूनही कमी.

या चित्राला एक दुसरी बाजू आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. युरोपीय व जपानी बनावटीची बरीच सहा सिलिंडरची इंजिने ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी घडविलेली होती. भारतातील साधे पेट्रोल वर्षानुवर्षे ९१ ऑक्टेनचे होते. त्यावर चालताना इंजिनातील नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे सारतो आणि इंजिन आपली थोडी ताकद व काटकसर सोडून देते. इथेनॉलमुळे ई-२० चा ऑक्टेन ९५ पर्यंत गेला आहे. त्यामुळे गमावलेल्या ऊर्जेतील काही अंश अशा गाड्यांना परत मिळू शकतो. ९१ ऑक्टेनसाठीच बनलेल्या जुन्या लहान गाडीला हा दिलासा नाही. कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांची गोष्ट त्याहून वेगळी. त्यांना मिश्रण स्वतः जुळवून घेता येत नाही आणि त्यांचे रबरी पाइप व गॅस्केट इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते.

मग मालकाच्या हाती काय उरते? येथे पुन्हा भैंशाकडे वळावे लागते, कारण सहा सिलिंडरच्या इंजिनातून थेंबन्‌थेंब वसूल करण्याची विद्या मोटारशौकिनांपेक्षा बस आगारांनी आणि मालमोटारींनी अधिक जोपासली आहे. भैंसा ही कापसाची बाजारपेठ; तेथे राज्य परिवहन महामंडळाचे आगारही आहे. जुन्या लेलँड आणि टाटा गाड्यांत सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन ही वर्षानुवर्षांची वहिवाट होती. टाटाच्या ‘६९७’ या प्रसिद्ध इंजिनाच्या नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यासाचा हिशेब आहे. डिझेलवरच्या या गाड्यांना इथेनॉलचा प्रश्न लागू नाही. पण लिटरमागे किती किलोमीटर, म्हणजे ‘केएमपीएल’, हा तेथे चालकाच्या आणि आगाराच्या कामगिरीचा मापदंड मानला जातो आणि तेथील पद्धत कोणत्याही खासगी गाडीला चालते. टाकी काठोकाठ भरायची, अंतर नोंदवायचे, पुन्हा तितकीच भरायची आणि भागाकार करायचा. डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो आणि तो बहुधा मालकाला खूष ठेवणारा असतो.

असा भागाकार चार-पाच वेळा केला की गाडीचे दुखणे कळू लागते. जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीत सर्वांत फसवा भाग थर्मोस्टॅट. तो उघडाच अडकला तर इंजिन पुरते तापत नाही. संगणक ते थंड असल्याचे समजून अधिक पेट्रोल सोडत राहतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही. त्या खालोखाल ऑक्सिजन सेन्सर. व्ही-सिक्समध्ये तीन-तीन सिलिंडरांच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेला आपापला सेन्सर. लाखभर किलोमीटरनंतर तो मंदावतो. दिवा पेटत नाही, पण मिश्रण बिघडते. ई-२० वर तर हा सेन्सर ठणठणीत असणे अधिकच गरजेचे, कारण इथेनॉलला लागणारे जास्तीचे इंधन त्याच्याच इशाऱ्यावर सोडले जाते. गॅरेजमधला साधा स्कॅनर जोडून दोन्ही रांगांचे ‘फ्युएल ट्रिम’ पाहिले, तरी निम्मे निदान होते. गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून चाक किंचित धरून राहते, हेही नेहमीचेच. प्रवासानंतर एखादे चाक इतरांहून जास्त गरम लागले तर कारण तेच. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवावी, कारण इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते.

एअर फिल्टर वेळेवर बदलावा हे खरे, पण संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंजिनात तो मळला तर मुख्यतः ताकद कमी होते. मायलेजवर परिणाम जुजबीच. टायरमध्ये सात-आठ पौंड हवा कमी असली तर मात्र दीड-दोन टक्के इंधन जाते, म्हणजे इथेनॉलच्या नुकसानीचा जवळजवळ निम्मा वाटा हवा भरण्याच्या फुकट यंत्रावर परत मिळतो. इंधनाच्या नळीवर लावायची चुंबके आणि बाटलीतली जादूची औषधे यांवर पैसे घालवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

खरी बचत उजव्या पायात आहे. ताशी ८० वरून १०० वर गेले की हवेचा अवरोध दीडपटीहून अधिक होतो, मग गाडी कितीही रुबाबदार असो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवून पाय काढला तर इंजेक्शनची इंजिने पेट्रोल पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये टाकली तर ती इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल पितात आणि ब्रेकवर सारा भार येतो तो वेगळाच. फेरीधक्क्यावर एसी चालू ठेवून वीस मिनिटे थांबलेले तीन लिटरचे इंजिन तीन किलोमीटरांचे पेट्रोल जागच्या जागी संपवते. पणजीतल्या दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांसाठी हे इंजिन बाहेर काढणे हाच खरा तोटा. ते तापण्यापूर्वीच प्रवास संपलेला असतो.

एवढे सारे केले तर साडेतीन टक्के भरून निघतात, कदाचित दुपटीने. पण ती मालकाच्या शिस्तीची कमाई आहे. धोरणाने घेतलेले परत कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो. इथेनॉल स्वस्त असते तर दरात सूट मागता आली असती. मंत्रालयानेच सांगितल्याप्रमाणे २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक व करासह लिटरला ७१.३२ रुपये होती आणि ती शुद्धीकृत पेट्रोलच्या किमतीपेक्षा जास्त आहे. २०१४-१५ पासून या कार्यक्रमाने १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचविल्याचा सरकारचा दावा आहे. ही रक्कम लहान नाही आणि आयात तेलावरचे अवलंबन कमी व्हायलाच हवे. मात्र देशाच्या बचतीतला खर्चाचा वाटा ज्याने १ एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी घेतली त्याच्यावर अधिक पडतो. ई-२० ला मानवणारे सुटे भाग असलेल्या गाड्या बाजारात येऊ लागल्या त्या तेव्हापासून. त्याआधीच्या मालकाला पंपावर दुसरे साधे पेट्रोल निवडण्याची सोय ठेवलेली नाही. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट फलक मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पर्याय देणे खर्चिक आहे, हे मान्य करता येईल. नळीवर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहायला मात्र काहीच खर्च नाही, आणि जुन्या गाडीच्या मालकाला निदान तेवढे कळण्याचा हक्क आहे.

गोव्यासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद आहे. ऊस उत्पादकांना सरकारी मदतीवर भागवावे लागले आणि त्याच जागी इथेनॉल प्रकल्प उभा करण्याची चर्चा तेव्हापासून सुरू आहे. असा प्रकल्प आला तर शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल हे निश्चित. पण कच्चा माल कोणता, पाणी कोठून आणि सांडपाणी कोठे, हे दिलावरपूरकरांचेच प्रश्न तेथेही विचारले जातील. उसाचे क्षेत्र पुरेसे नसेल तर कारखाना धान्यावर चालवावा लागेल, आणि इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढल्यानंतर २०२४ मध्ये भारत निर्यातदाराचा निव्वळ आयातदार झाला, ही नोंद ताजी आहे. वीस टक्क्यांच्या पुढे जाण्याचे विचार दिल्लीत सुरू असताना धारबांदोड्यातील निर्णय घेणाऱ्यांना ही उत्तरे निविदेआधी द्यावी लागतील.