बारा पॉइंट म्हणजे किती?

लग्नपत्रिका छापायला दिली की छापखान्यातला माणूस विचारतो, "मजकूर बारा पॉइंटात घ्यायचा की चौदा?" आपण नुसती मान डोलावतो. कापड मीटरने आणि दूध लिटरने घेणाऱ्या आपल्याला अक्षर मात्र पॉइंटात मोजलेले चालते!

हा पॉइंट मोठा लहरी आहे. पॅरिसच्या फ्रान्स्वा-आंब्रॉझ दिदो याने १७८३ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाच्या फुटातल्या इंचाचे ७२ भाग केले. त्याचा एक पॉइंट ०.३७६ मिलिमीटरचा. पुढे राजा गेला, मीटर आला, पण छापखान्यांत राजाचा फूट तसाच ठाण मांडून बसला. अमेरिकेतील टाइप ओतणाऱ्यांनी १८८६ मध्ये आपला वेगळा पॉइंट ठरवला, सुमारे ०.३५१ मिलिमीटरचा. संगणकावरचा तिसराच, इंग्रजी इंचाचा बहात्तरावा भाग. म्हणजे दिदोचे बारा पॉइंट साडेचार मिलिमीटर, तर संगणकाचे सव्वाचार.

खरी गोम पुढेच आहे. पॉइंट अक्षराची उंची सांगतच नाही! अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर असे, त्या खिळ्याच्या तोंडाचे, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचे ते माप. आपल्या देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांची सोय करावी लागते. मग मधल्या अक्षराच्या वाट्याला जागा ती किती उरणार? म्हणूनच एकाच पॉइंटातली दोन वळणे शेजारी ठेवली, तर एक ठसठशीत दिसते आणि दुसरे डोळे बारीक करायला लावते.

जपानी लोकांनी फोटोटाइपसेटिंगमध्ये सरळ मिलिमीटर धरला. त्यांचा 'क्यू' म्हणजे पाव मिलिमीटर. बारा क्यू म्हणजे तीन मिलिमीटर, हिशेब संपला. तोही अक्षराभोवतीच्या चौकोनाचाच असतो, पण जपानी अक्षर तो चौकोन बहुतेक भरून टाकते.

ग्राहकाच्या कामाचे माप मात्र छापलेल्या अक्षराचे. युरोपात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर इंग्रजी लहान 'एक्स' अक्षराची उंची सर्वसाधारणपणे निदान १.२ मिलिमीटर हवी, असा २०११ चा कायदा आहे. आपल्याकडे २०११ च्याच आवेष्टित वस्तू नियमांत सक्तीच्या मजकुराचे अक्षर १ मिलिमीटरहून लहान नको, असे म्हटले आहे. आता बिस्किटांच्या पुड्यावर मुलांची पट्टी ठेवून पाहा, आणि तोच पुडा घरातल्या आजोबांना चष्म्यासकट वाचायला द्या.