लष्कराच्या भाकऱ्या

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात शिरलं, तेव्हा आम्ही काही मित्रांनी पुण्याहून एक टेम्पो भरला. बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि ओळखीपाळखीच्या घरांतून जमवलेल्या जुन्या कपड्यांची सहा गाठोडी. पाणी ओसरून रस्ता सुरू झाला तसे शिरोळ तालुक्यात पोचलो आणि डांबरी सडकेला लागून जे पहिलं गाव दिसलं तिथंच उतरलो. आमच्याआधी तिथं चार टेम्पो येऊन गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात कपड्यांचा ढीग पडला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता. आम्ही आमची गाठोडी त्यावर ठेवली आणि फोटो काढला. हो, काढला.

एक बाई बघत उभ्या होत्या. साडीचा ओचा चिखलानं कडक झालेला. त्यांनी विचारलं, "खराटा, फिनेल कायतरी आणलायसा काय?" आम्ही आणलं नव्हतं. कुणाला विचारलंच नव्हतं, तर कळणार कुठून? तरी त्या म्हणाल्या, च्या टाकते, बसा. आम्ही मोठेपणानं नको म्हणालो. एवढं सगळं वाहून गेलेल्या घरातला चहा कसा प्यायचा? शिवाय पुढे जायचं होतं. बाईंचा चेहरा पडला. परतीच्या वाटेवर आमच्यातल्या प्रत्येकाला आपण काहीतरी चांगलं केल्याचं समाधान होतं आणि त्या चेहऱ्याविषयी कुणी बोललं नाही.

तो चेहरा मला उलगडला तो बऱ्याच उशिरा, एका शेतकरी मित्रानं इर्जिकीची आठवण सांगितली तेव्हा. कुणाचा बैल बसला, कुणी आजारी पडलं, नांगरट मागं राहिली, की तो गावात शब्द टाकायचा. ठरल्या दिवशी जो तो आपापली बैलजोडी आणि नांगर घेऊन हजर. दिवसभरात रान नांगरून व्हायचं. मजुरी नाही. पण संध्याकाळी त्या घरचं जेवण मात्र चुकायचं नाही, आणि ते जेमतेम नसायचं. उसनंपासनं करून का होईना, पंगत बसायची. लावणीची सावडही तशीच, आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मित्र म्हणाला, "जो जेवायला थांबायचा नाही, त्याला पुढच्या वेळी बोलवायला जीव कचरायचा." आधी बोलावणं आणि नंतर जेवण, या दोन टोकांमध्ये मदत बसवलेली होती. दुसऱ्या दिवशी पारावर कुणाची मान खाली नसायची. आम्ही शिरोळमध्ये ही दोन्ही टोकं कापून टाकली होती. बोलावणं नव्हतं आणि चहाही नाकारला.

आपण होऊन पुढं येणाऱ्याची मराठीत थट्टाच फार. लुडबुड, नसती उठाठेव, पुढंपुढं करणं, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. मला हे शब्द पूर्वी कोते वाटायचे. काही न करणाऱ्यांनी करणाऱ्यांसाठी घडवलेले. आता तसं वाटत नाही. भाकऱ्या भाजणारा घरचं खातो, लष्कराचं काही घेत नाही, आणि म्हणून त्याला तव्यापासून उठ म्हणायची कुणाची छाती होत नाही.

हे पाहायचं असेल तर शहरातल्या कुठल्याही सोसायटीत जावं. ओळखीच्या एका सोसायटीत एक गृहस्थ अकरा वर्षं सेक्रेटरी होते. दर निवडणुकीला सगळे "पुन्हा तुम्हीच" म्हणायचे आणि सुटकेच्या टाळ्या वाजवायचे. टाकी धुण्यापासून लिफ्टच्या कंत्राटापर्यंत सगळं त्यांच्या अंगावर. एका वर्षी नव्यानं राहायला आलेल्या एका मुलीनं सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलांची फाईल मागितली. सेक्रेटरी उठून उभे राहिले. आवाज कापत होता. "अकरा वर्षांत एक पैसा घेतला नाही, आणि मला हिशेब मागता?" सगळी सभा त्या मुलीकडे अशी बघू लागली, जणू चोरी तिनंच केली आहे. पुढं फाईल उघडली. हिशेब चोख निघाला, पैचा फरक नव्हता. मुलगी मात्र नंतर कुठल्याच सभेला आली नाही. आदर्श उपविधींत पदाधिकाऱ्यांना मानधन द्यायची सोय आहे. ती वापरली असती तर तिला फाईल मागताना अपराधी वाटलं नसतं, आणि त्यांनाही ती देताना अपमान वाटला नसता.

यावर एका स्नेह्यांनी मला अडवलं. म्हणाले, गाडगेबाबांना कुणी बोलावलं होतं? खरं आहे. बाबा गावात शिरायचे ते झाडू लागायचे. परवानगी कुणाची घेतली नाही. पण ते झाडायचे ती जागा कुणा एकाची नव्हती. काम झालं की ते लोकांच्या दारात उभं राहून भाकर मागायचे. गावाला परतफेडीची संधी मिळायची. संध्याकाळी कीर्तन, आणि मग पुढचं गाव. त्या गावाच्या स्वच्छता समितीचं तहहयात अध्यक्षपद काही त्यांनी घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी निसटते. हात पुढं केला तरी तो कुणाचा आहे हे आपल्याकडे आधी पाहिलं जातं. 1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वर्गणी सगळ्यांची, मग अस्पृश्यांना पूजेचा हक्क का नाही, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. आजच्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका चाळा. रांगोळी, प्रसाद आणि हळदीकुंकवापुढं बायकांची नावं असतात. माईक आणि पावतीपुस्तक बहुधा दुसऱ्यांच्या हातात.

हे सगळं मी ज्या जागेवरून लिहितोय ती जागाही काही निराळी नाही. 1909 मध्ये का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी अंक घरच्यांच्या आणि मित्रांच्या हातांवर निघत आले. आमचाही. आमच्या वर्गणीदारांची वही एक वडीलधारे स्नेही चौदा वर्षं सांभाळतात. अक्षर मोत्यासारखं. पण लोक घरं बदलतात, शहरं बदलतात, आणि दरवर्षी तीसचाळीस अंक परत येतात. यादी कॉम्प्युटरवर घेऊ या, असं आमच्यातल्या एकानं सुचवलं. "वहीत सगळं आहे," एवढंच उत्तर आलं. जुलैत आम्ही मानधनाचं पाकीट त्यांच्या घरी पोचवलं. ते त्याच संध्याकाळी परत आलं, सोबत चिठ्ठी: "माझी किंमत केलीत?"

मग दसऱ्याला जेवायला बोलावलं. आले. श्रीखंड दोनदा मागून घेतलं, वही उघडून या वर्षीच्या नव्या नोंदी कौतुकानं दाखवल्या, आणि निघताना ती पिशवीत घालून पुन्हा काखेत मारली.

हा अंक त्याच वहीतल्या पत्त्यावर तुमच्याकडे आला आहे. दिवाळीच्या शुभेच्छा. पाकिटावर नाव किंवा पिनकोड चुकलेला दिसला तर कृपा करून आम्हाला कळवा, त्यांना नको.